हरवलेल्या कामकरणी

1961च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांमागे सुमारे 28 कामकरी होत्या. 1971च्या जनगणनेत उरल्या 12. लोकसंख्या वाढली, पण कामकरी बाया अडीच कोटींहून अधिक घटल्या. शेती तर तीच होती, वावरंही ओस पडली नव्हती. मग एवढ्या बाया गेल्या कुठे?

बदलली होती ती मोजायची रीत. वाशीमचंच घ्या, तो तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. 1961मध्ये हंगामाच्या बऱ्याचशा काळात रोज तासभर नियमित काम केलं, तरी माणूस कामकरी ठरे. 1971मध्ये प्रगणकानं आधी मुख्य काम विचारलं. घरचा गडी सांगणार, "ते घरीच राहते." झालं! पहाटेची चूल, पावसाळाभर निंदण, दिवाळीपासून कापसाची वेचणी, परतताना डोक्यावर सरपण, सगळं त्या एका वाक्यात बुडालं. बाई वावरातच होती. कागदावर मात्र ती गृहिणी झाली.

या बाया पुन्हा दिसल्या त्या रोजगार हमीच्या कामांवर. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुमुदिनी दांडेकर कुटुंबाचा आणि लोकसंख्येचा अभ्यास करत आल्या होत्या. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांसोबत केलेली पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची त्यांची पाहणी 1953 साली प्रसिद्ध झाली होती. पुढे 1972चा दुष्काळ पडला, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी महाराष्ट्रभर गेली, 1977मध्ये तिचा कायदा झाला. रोजगार हमी म्हटलं की डोळ्यांपुढे कुदळ घेतलेला गडी येई. पण दांडेकरबाईंनी आणि मंजू साठे यांनी प्रत्यक्ष कामांवरची माणसं तपासली, तेव्हा मजुरांत जवळपास निम्म्या बाया निघाल्या. 1983च्या पुस्तकात दांडेकरबाईंनी या योजनेला स्त्रियांसाठीची रोजगारसंधी असं थेट शीर्षकातच म्हटलं.

मला यात आकड्यापेक्षा त्यामागचं कारण मोठं वाटतं. काम गावाजवळ होतं. बाई-गड्याला दर एकच होता. मजुरी मोजमापावर होती, त्यामुळे चूल आवरून थोडं उशिरा पोचलेल्या बाईचाही दिवस बुडत नसे. बायांना काम नको असतं, हा समज तिथे कोसळला. घर सांभाळून करता येईल असं काम हाताशी आलं, तेव्हा त्या घमेलं घेऊन हजर झाल्या.

असाच माग अमेरिकेत क्लॉडिया गोल्डिन यांनी काढला. तिथल्या जुन्या नोंदींत बाईच्या व्यवसायापुढे अनेकदा 'पत्नी' एवढंच लिहिलेलं असे. गोल्डिन यांनी दप्तरं धुंडाळून हिशेब दुरुस्त केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोकरी-रोजगारात असलेल्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण जनगणनेतल्या प्रमाणाच्या जवळपास तिप्पट निघालं. 2023चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

आपल्याकडे 2019मध्ये देशभर लोकांच्या वेळेचा हिशेब घेतला गेला. घरकाम करणाऱ्या बायांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. शिवाय दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात जेमतेम 26.

1998पासून वाशीम स्वतंत्र जिल्हा आहे. कपाशीच्या वावरांत सोयाबीन आलं, तरी पेच तोच आहे: लेकरू कुठे ठेवायचं? इथल्याच एका नाल्याच्या कामावर मी बाभळीला बांधलेली लुगड्याची झोळी पाहिली. एक म्हातारी तिला झोका देत होती, दुसऱ्या हातानं दोन रांगती पोरं मातीच्या ढिगापासून मागे ओढत होती. ती होती म्हणून पोरांच्या आया माती वाहत होत्या. सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक लेकरं कामावर असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यावी, असं केंद्राच्या 2005च्या रोजगार हमी कायद्यात म्हटलं होतं. म्हातारीला विचारलं, तर ती सुनेसोबत आली होती. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. लेकरं पाचाहून कमी असली, तरी हे नाव लागलंच पाहिजे आणि इतर मजुरांइतकाच रोज तिच्याही खात्यात पडला पाहिजे.