ताप वेगळा, उष्माघात वेगळा

भर दुपारी शेतातून घरी आलेल्या माणसाचे अंग तव्यासारखे तापलेले असते. तो असंबद्ध बडबडू लागतो. घरची मंडळी म्हणतात, ‘ताप चढला.’ मग पॅरासिटामॉलची गोळी देऊन, अंगावर चादर घालून त्याला निजवले जाते. नेमकी येथेच चूक होते आणि ती जिवावर बेतू शकते.

निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाहेर कडाक्याची थंडी असो वा वैशाखातले ऊन, त्यात फारसा फरक पडत नाही. ही व्यवस्था मेंदूतील हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग पाहतो. थंडीत तो त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करतो व स्नायूंना कापरे भरवून उष्णता निर्माण करतो. उकाड्यात या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त त्वचेकडे वळते आणि घाम सुटतो. मात्र घाम नुसता निथळून भागत नाही. तो वाळला तरच अंग थंड होते. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने, आणि दमट हवेत ते तितके गार होत नाही तेही याच नियमाने. म्हणूनच किनारपट्टीवर पारा चाळिशीच्या आत असला तरी धोका टळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर १४ जण दगावले, हे विसरता येणार नाही.

आता फरक पाहू. जंतुसंसर्गामुळे ताप येतो तेव्हा हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वाढवून ठेवतो. म्हणून हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल ही वाढलेली पातळी खाली आणते. उष्माघातात ही पातळी वाढलेली नसतेच. उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा अपुरी पडलेली असते. त्यामुळे गोळीचा उपयोग होत नाही.

तापमान ४० अंशांच्या वर जाणे आणि त्यासोबत भ्रम, बेशुद्धी किंवा झटके येणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अंग कोरडे असेलच असे नाही. कष्टाची कामे करणाऱ्यांना घाम येत असतानाही उष्माघात होतो.

अशा वेळी रुग्णाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता व जोराने वारा घाला. काखेत, मानेवर व जांघेत बर्फ किंवा गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पण ती येईपर्यंत पाणी व वारा थांबवू नका. शरीर जितक्या लवकर थंड होईल, तितकी जीव वाचण्याची शक्यता अधिक.

वृद्ध, लहान मुले आणि उन्हात राबणारे मजूर यांना जपा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि अवजड कामे सकाळ-संध्याकाळ उरकावीत, हे उत्तम.