मॅच बघायला डिश बरी की केबल?

‘खेळ बघायचे असतील तर डिशच घ्या, केबलवर सगळे स्पोर्ट्स चॅनल येत नाहीत.’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. सामने दाखवण्याचे हक्क केबलवाल्याकडे नसतात, डिश कंपनीकडेही नसतात. ते प्रसारक विकत घेतो. २०२३ ते २०२७ या काळातल्या आयपीएलचे नुसते टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटी रुपयांना घेतले. २०२५चा आशिया कप सोनीवर होता. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार प्रसारकाने आपले चॅनल मागणाऱ्या वितरकाला भेदभाव न करता द्यायचे असतात आणि चॅनलची कमाल किंमतही प्रसारकच जाहीर करतो, सगळ्यांसाठी एकच. कधीमधी दरावरून भांडण होतं आणि चॅनल बंद पडतात, जसे फेब्रुवारी २०२३मध्ये अनेक केबल कंपन्यांचे पडले होते. पण तो अपवाद. खरा फरक जोडणीच्या मासिक शुल्कात असतो. त्याची कमाल मर्यादा ट्रायने २०२४मध्ये काढून टाकली, त्यामुळे ते शुल्क आधी विचारून घ्या.

दुसरा समज पावसाचा: डिश पावसात बंद पडते, केबल नाही. हे अर्धंच खरं आहे, कारण केबलचं चित्रही उपग्रहावरूनच येतं. केबल कंपनी ते आपल्या केंद्रात मोठ्या अँटेनांवर घेते, बहुतेक सी बँडमध्ये, सुमारे ४ गिगाहर्ट्झवर. तिथे पावसाचा त्रास फारसा होत नाही. घरावरची छोटी डिश केयू बँडवर, म्हणजे १२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. त्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, त्यामुळे दाट पावसात त्या शोषल्या जातात, विखुरतात. भारताचा इंग्लंड दौरा बहुधा आपल्या ऐन पावसाळ्यात असतो, तेव्हा हे चांगलंच जाणवतं. तरीही मुसळधार सरीत काही मिनिटं चित्र जाणं वेगळं आणि भुरभुरीतही जाणं वेगळं. दुसरं होत असेल तर डिशची दिशा हललेली असते किंवा जोडात पाणी शिरलेलं असतं. कंपनी बदलण्याआधी ते तपासून घ्या. उलट कोकणात झाड पडून केबलची तार तुटली किंवा वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरची वीज गेली, तर अख्ख्या आळीची मॅच जाते. म्हणून मी कंपनीच्या नावापेक्षा दोनच गोष्टी बघायला सांगेन: गच्चीवरून दक्षिण-आग्नेयेचं आकाश मोकळं दिसतं का, आणि तुमचा केबलवाला रविवारी फोन उचलतो का.

शेजारी आधी ओरडतात आणि आपल्याकडे विकेट नंतर पडते, त्याचा दोष उपग्रहाला देऊ नका. सिग्नलला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. मोबाइलवरचं प्रक्षेपण मात्र बऱ्याचदा कित्येक सेकंद मागे असतं.

एचडी टीव्ही घेतला म्हणून चित्र एचडी होत नाही. बॉक्स एचडी हवा आणि पॅकमध्ये त्या चॅनलची एचडी आवृत्तीही हवी. स्वस्त स्पोर्ट्स पॅकमध्ये बऱ्याचदा साधीच असते.

सर्वांत जास्त गोंधळ दूरदर्शनच्या डीडी स्पोर्ट्स या चॅनलचा आहे. ‘भारताची मॅच दूरदर्शनवर फुकट दिसते’ हे खरं, पण कुठे? २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसारकाला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावा लागतो. भारतीय पुरुष संघाचे अधिकृत एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० सामने त्यात येतात. मात्र तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आणि त्याच्याच डीडी फ्री डिश या सेवेसाठी आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७मध्ये दिला. म्हणून खाजगी डिशवर किंवा केबलवर तोच चॅनल लावला तरी मॅच दिसत नाही. बॉक्स बिघडलेला नसतो आणि केबलवाल्याने काही लपवलेलंही नसतं. ज्या घराला महिन्याचं बिल झेपत नाही, त्याच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे, आणि ती कित्येकांना माहीतच नाही याचं मला वाईट वाटतं. डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच. आयपीएल मात्र या कायद्याच्या यादीत नाही. त्यासाठी बहुधा पैसे मोजावे लागतात.