शॉच्या कपाटातली लोकर

लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशरमध्ये एयट सेंट लॉरेन्स हे चिमुकलं खेडं आहे. तिथल्या ‘शॉज कॉर्नर’ या घरात नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ १९०६ पासून १९५० साली मृत्यू येईपर्यंत राहिले. इथे येणाऱ्या बहुतेकांना ओढ असते ती बागेतल्या फिरत्या लेखनकुटीची. ऊन सरकेल तशी ती वळवता यायची. शॉंना आपल्याच ‘पिग्मॅलियन’ नाटकाच्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं होतं. पु. लं.ची ‘ती फुलराणी’ याच नाटकावरून आलेली, त्यामुळे मराठी माणसाला हे घर फार परकं वाटत नाही.

खरा वेळ द्यावा तो मात्र शॉंच्या कपड्यांना. पट्ट्याचं नॉरफोक जाकीट, गुडघ्याशी संपणारी विजार, जाडसर लोकरीचा पोत. दाढीइतकीच ही शॉंची ओळख. ती घडवली कुणी, याचा माग काढत गेलं की वाट एखाद्या नामांकित शिंप्याकडे जात नाही. ती जाते जर्मनीत, गुस्टाव्ह येगर या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाकडे.

अंगाला फक्त प्राणिज लोकर लागावी, सुती आणि तागाचं कापड आरोग्याला घातक, असं येगर सांगत. अंथरूण-पांघरूणसुद्धा लोकरीचंच! लुइस टोमॅलिन या लंडनच्या व्यावसायिकाला हे इतकं पटलं की १८८४ मध्ये त्याने येगर यांच्या नावाने लोकरी कपड्यांचा धंदाच उभारला.

शॉ तेव्हा कफल्लक होते. १८७६ मध्ये डब्लिनहून आल्यापासून लिहिलेल्या पाच कादंबऱ्या प्रकाशकांनी नाकारलेल्या. बाहीच्या कडा विरल्या की कात्रीने छाटून ते वेळ निभावत. १८८५ च्या एप्रिलमध्ये वडील वारले. त्यांच्या विम्याचे पैसे हाती आले आणि जूनमध्ये शॉंनी अंगावर चढवला तो येगरचा लोकरी पोशाख. कितीतरी वर्षांनी मिळालेले नवे कपडे, आणि तेही लंडनच्या काळ्या कोटांना, खळ घातलेल्या कॉलरींना सरळ आव्हान देणारे. मतासाठी वाद घालणाऱ्या माणसाने मत अंगावरच घातलं, यात त्याचा सगळा स्वभाव दिसतो.

१८८१ पासून शॉ शाकाहारी होते. म्हणजे ताटात प्राणी वर्ज्य आणि अंगावर वनस्पती वर्ज्य! लोकरीसाठी मेंढी मारावी लागत नाही, हे ध्यानात घेतलं तर विसंगती उरत नाही.

येगरचे कपडे पुढे ध्रुवसंशोधक शॅकलटनच्या अंटार्क्टिक मोहिमेतही गेले. २०२१ मध्ये हे नाव ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ने विकत घेतलं. शॉंनी १९४४ मध्ये, हयातीतच, घर वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे सोपवलं, म्हणून त्यांच्या वस्तूंबरोबर हे कपडेही लिलावात विखुरले नाहीत.