मलिहाबादेत चौतिसावी लेव्हल

छिन्नीवर एकदा बोट, पाचूवर एकदा बोट, मग ‘सगळे’. पडद्यावरचा ठोकळेबाज कारागीर मान खाली घालून खडे कापू लागतो. मुलगा मोबाइल मांडीवर टाकतो आणि बाहीनं मानेवरचा घाम पुसतो. जुलै संपत आलाय. सकाळी एक जोरदार सर येऊन गेली, आणि आता मलिहाबादच्या या रोपवाटिकेत पान हलत नाही. वर दशहरीची जुनी झाडं, खाली काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या ओळीच ओळी. कुंपणाशी कोयींचा ढीग पडलाय, त्यावर माशा घोंगावताहेत. दशहरीचा हंगाम सरलाय; रस्त्याकडेच्या हातगाड्यांवर आता चौसा दिसतो.

मुलापासून हातभर अंतरावर त्याचे मामू पाटावर बसलेत. पुढ्यात रोपांची रांग, उजव्या हातात कलमाचा चाकू, दातांत प्लास्टिकची पट्टी. मला बसायला आंब्याची रिकामी पेटी उलटी करून दिली आहे. तिथून मला दोघांची कामं एकदम दिसतात, आणि खरं सांगायचं तर आधी लक्ष मोबाइलकडेच जातं.

खेळाचं नाव ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’. मूळ रूनस्केप २००१ सालचा. पुढे तो बदलत गेला, तेव्हा जुन्या खेळाडूंनी आधीचाच हवा म्हणून धरणं धरलं. मग जॅगेक्स या ब्रिटिश कंपनीनं २००७ सालची आवृत्ती शोधून काढून २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. २०१८ पासून ती मोबाइलवरही चालते. हा मुलगा अकरावीत आहे, म्हणजे खेळ त्याच्याहून वयानं मोठा. खेळात लढाया आहेत, राक्षस आहेत. याला त्याचं काही नाही. याला ‘क्राफ्टिंग’ वाढवायचंय.

“सुरुवात चामड्याच्या हातमोज्यांपासून,” तो मला समजावतो. “एक जोडी शिवली की १३.८ गुण. विसाव्या लेव्हलला नीलम कापता येतो, सत्ताविसाव्याला पाचू, चौतिसाव्याला माणिक, त्रेचाळिसाव्याला हिरा.” तो तेहतिसाव्यावर आहे. तेहतीसवरून चौतीसवर जायला १,९७७ गुण लागतात. एका पाचूचे साडेसदुसष्ट, म्हणजे तीस पाचू. पिशवीत कप्पे अठ्ठावीस, त्यातला एक छिन्नीला, म्हणून एका खेपेत सत्तावीसच मावतात. तीन कमी पडतात, त्यासाठी पुन्हा पेढीवर जायचं. हे सांगताना त्याचा चेहरा अगदी संसारी माणसासारखा होतो.

मामू दातांतली पट्टी काढून विचारतात, “शेवटची पायरी कितवी?”

“नव्व्याण्णव. एक कोटी तीस लाख गुण, वर थोडे.”

“आणि अर्ध्यावर कधी येतो माणूस?”

“ब्याण्णवला.”

मामू चाकू थांबवून भाच्याकडे बघतात. खेळाबद्दल ते काही तरी तिरकस बोलणार, असं मला वाटतं. ते म्हणतात, “बरोबर आहे. ज्यानं हा हिशेब बसवला, त्यानं कधी तरी हातानं काम केलेलं असणार.”

पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला ८३ गुण पुरतात, आणि शेवटच्या सात लेव्हलना पहिल्या ब्याण्णव लेव्हलइतकेच गुण लागतात. मामूंचं म्हणणं, कलमाचंही असंच आहे. चाकूचा काप एका पावसाळ्यात जमतो. काडी कुठली घ्यायची, हे कळायला बाकीची उमर जाते.

काडी म्हणजे काय, ते ते दाखवतात. हिरवी पण कोवळी नव्हे, खुंटाच्या जाडीशी जुळणारी, शेंड्याचा डोळा टपोरलेला पण फुटलेला नाही. झाडावर असतानाच आठवडा-दहा दिवस आधी तिची पानं छाटून टाकलेली असतात, नुसते देठ ठेवलेले. मामू एका देठाला अंगठ्यानं हलकेच ढकलतात. देठ टपकन गळतो. “तयार आहे.” दुसऱ्या काडीचा देठ चिकटूनच राहतो. ती काडी बाजूला जाते.

आता काप. पेन्सिलीएवढ्या जाड खुंटाला, मातीपासून वीतभर उंचीवर, चाकू तिरपा वरून खाली उतरतो, बोटाच्या दोन पेरांएवढा. तळाशी आडवा छेद. सालीसकट लाकडाची कपची निघून येते आणि ओला पांढुरका गाभा उघडा पडतो. काडीलाही तशीच जखम. मग दोन्ही जखमा एकमेकींवर. काडी खुंटापेक्षा बारीक आहे, म्हणून मामू ती मधोमध बसवत नाहीत, एका कडेला सरकवतात. सालीच्या आत जो हिरवट पापुद्रा असतो तो एका बाजूनं तरी जुळला पाहिजे. दोन्ही बाजूंनी अधांतरी राहिला तर काडी वाळलीच. पट्टी खालून वर, ताणून, एकावर एक. शेवटी गाठ. चिकानं त्यांच्या बोटांची टोकं काळी पडली आहेत, आणि आंब्याचा चीक कातडी भाजतो, हे त्या बोटांकडे बघून पटतं.

तेवढ्या वेळात भाच्याचे सगळे पाचू कापून झालेत. अर्ध्या मिनिटात सत्तावीस. एकही फुटलेला नाही.

“फुटतच नाहीत?” मी विचारतो.

“हे नाही फुटत. ओपल, जेड फुटतात, पण ते वर्गणी भरणाऱ्यांना. मी फुकटवाला.”

म्हणजे फुकट्याला फसण्याचीही सोय नाही.

आपल्याकडे कोकणात याच दिवसांत कोय कलमं चालतात: नुकत्या रुजलेल्या, तांबूस पानांच्या रोपट्यावरच काडी चढवायची. इथे खुंट वर्षाचा होऊ देतात. पद्धत कुठलीही असो, निकाल दोन-तीन आठवड्यांनी लागतो. डोळा फुटला तर जगलं. आणि हातानं करण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण दशहरीची कोय लावून दशहरी मिळेलच, याचा भरवसा नाही. मूळ झाड इथून जवळच, काकोरीकडच्या दशहरी गावात अजून उभं आहे. या पट्ट्यातली प्रत्येक दशहरी म्हणजे त्याच एका झाडाची काडी, कुणाकुणाच्या चाकूखालून पिढ्यान् पिढ्या पुढे आलेली.

मुलगा तोवर बाजारात गेलाय, खेळातल्या. तिथे खेळाडू एकमेकांना माल विकतात आणि भाव त्यांच्या मागणीनं ठरतात. उरलेले तीन पाचू विकत घेताना तो कुरकुरतो. कच्चा पाचू महाग, आणि आत्ता कापलेले सत्तावीस विकायला काढले तर त्याहून कमी येतात.

मामूंचा हात परत थांबतो. “कापल्यावर किंमत उतरते?”

“हो.”

“मग कापता कशाला, मियाँ?” इथे भाच्यालाही ‘आप’च म्हणतात.

“लेव्हलसाठी. सगळे लेव्हलसाठीच कापतात. घालणारं कोण आहे?”

मला या बाजाराचं कौतुक वाटतं. हजारो लोकांना शिकायचंय, तयार माल फारसा कुणाला नकोय. म्हणून कच्च्या आणि कापलेल्या पाचूच्या भावातला फरक ही शिकण्याची उघड फी होऊन बसली आहे. ती देण्यासाठी या मुलानं खेळातल्या खाणीत तासन् तास लोखंड खणलंय. रोपवाटिकेत उलटं आहे. खुंट स्वस्त, कलम महाग, कारण पलीकडे आंबा खाणारा बसलाय. पण मग शिकाऊ हातानं मारलेल्या खुंटांचं काय होतं? ते मालकाच्या वहीत ‘वाळले’ म्हणून जातात, आणि त्यातले किती उन्हानं गेले नि किती चाकूनं, हे कुणी लिहीत नाही.

याच गावच्या हाजी कलीमुल्ला खाँसाहेबांची गोष्ट सगळे सांगतात: सातवीत शाळा सुटलेली, १९८७ पासून एका जुन्या झाडावर कलमं बांधत तीनशेहून अधिक जातींचे आंबे त्यावर आणले, २००८ मध्ये पद्मश्री. मामू मात्र आधीचं झाड सांगतात. १९५७ मध्ये, सतराव्या वर्षी, त्यांनी एका झाडावर सात जाती बांधल्या होत्या. पुढे पावसाचं पाणी तुंबलं आणि ते झाड गेलं. “तीनशेचं झाड बघायला लोक येतात,” मामू पट्टी ओढत म्हणतात. “सातचं गेलं, तो खर्च कुणाच्या खात्यावर?”

पडद्यावर आतषबाजी होते. चौतीस. मुलगा दोन्ही हात वर करतो, मग लगेच माणकाचा भाव बघतो आणि हात खाली येतात.

इतक्यात फाटकातून एक गिऱ्हाईक आत येतं. सीतापूरकडचा शेतकरी, मोटारसायकलला रिकामं पोतं बांधलेलं. त्याला दशहरीची कलमं हवीत, पाऊस आहे तोवर लावायची आहेत. मामू दर सांगतात. तो निम्म्यावर येतो. मामू उत्तर न देता भिंतीकडच्या एका ओळीकडे बोट करतात. ती गेल्या पावसाळ्यात भाच्यानं बांधलेली. जगली आहेत, पानंही तजेलदार, पण प्रत्येकाच्या जोडापाशी गाठ आलीय आणि खोड तिथून बाजूला कललंय.

“ही वाकडी आहेत,” शेतकरी म्हणतो.

“म्हणून स्वस्त.”

“आंबा?”

“आंबा दशहरीच लागेल. खोड वाकडं म्हणून आंब्याला काय?”

शेतकरी वाकून एकेक जोड दाबून बघतो. पट्टीखालची साल भरून आली आहे, हलत नाही. तो दहा रोपं निवडून पोत्यात उभी करू लागतो. भाचा मोबाइल खिशात घालून उठतो, पिशव्या उचलून देतो. नोटा मामूंच्या खिशात जाताना बघतो आणि हळूच म्हणतो, “मामू, हे तर माझ्या हातचे.”

“आहेतच. गेल्या साली मी तुम्हाला किती खुंट दिले होते?”

“शंभर.”

“आणि त्या ओळीत किती आहेत?”

मुलगा मोजायला जात नाही. “चाळीसेक असतील.”

“मग आधी साठांचे पैसे वळते होऊ देत,” मामू म्हणतात, आणि पुढचं रोप जवळ ओढतात.