पाडलेल्या गल्ल्या, हरवलेले पब: मँचेस्टर-सॉलफर्डच्या कामगारवस्तीची गोष्ट

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५५ ते १९७५ या वीस वर्षांत दहा लाखांहून अधिक घरं ‘राहण्यास अयोग्य’ ठरवून पाडली गेली. घरांबरोबर गल्ल्या गेल्या, कोपऱ्यावरची दुकानं गेली आणि जवळपास प्रत्येक वळणावर असलेले पबही गेले. घरांच्या बदल्यात घरं मिळाली. गल्लीच्या बदल्यात काही मिळालं नाही. म्हणून तिथली माणसं ती गल्ली कागदावर पुन्हा उभी करू लागली. हे काम कसं झालं ते मँचेस्टर आणि सॉलफर्ड या जोडशहरांत फार चांगलं पाहायला मिळतं.

वस्ती कुठली, माणसं कोण

मँचेस्टर शहराच्या मध्याला लागूनच, नैर्ऋत्येला ह्यूम आहे. अरवेल नदी ओलांडली की सॉलफर्ड, आणि तिथे हँकी पार्क, ऑर्डसल. एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्या, यंत्रांचे कारखाने आणि रेल्वे यांच्यामागे आलेल्या माणसांनी या वस्त्या गच्च भरल्या. १८९४ मध्ये समुद्रापासून थेट सॉलफर्डपर्यंत जहाजांचा कालवा खुला झाला आणि ऑर्डसलला गोदी कामगारांची भर पडली. रोल्स आणि रॉइस यांच्या पहिल्या मोटारी तयार झाल्या त्या ह्यूममधल्या कुक स्ट्रीटवर. फ्रेडरिक एंगल्सनं १८४५ मध्ये इंग्लंडच्या कामगारांच्या हालांवर जे पुस्तक लिहिलं, त्यातही ह्यूम आहे.

मुंबईचा या भागाशी जवळचा संबंध होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा लँकशायरच्या गिरण्या बऱ्याच अंशी मुंबई बंदरातून येणाऱ्या कापसावर विसंबल्या. या कापसाच्या पैशावर मुंबईत शेअरबाजाराचं वेड चढलं आणि १८६५ मध्ये कोसळलं. पुढे मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांतली बरीच यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या लँकशायरच्याच कारखान्यांत घडलेली होती.

घर, उंबरा आणि गल्ली

ठरावीक घर असं: खाली दोन खोल्या, वर दोन, मागे इवलंसं फरसबंद परस आणि त्यात संडास. पुढचं दार उघडलं की पाय थेट फुटपाथवर. भिंतीला ओल, खोल्यांत कोळशाचा धूर, न्हाणीघर नाही. ही घरं वाईट होती यात शंका नाही, आणि आठवणी लिहिणाऱ्यांतल्या प्रामाणिक माणसांनी ते लपवलेलं नाही.

पण त्याच दारातला उंबरा रोज चमकत असे. बायका गुडघ्यावर बसून दगडी पायरी आधी धूत आणि ओली असतानाच तिची कड ‘डॉन्की स्टोन’ नावाच्या मऊ वडीनं घासून पांढरी किंवा पिवळसर करत. ही वडी दगडाची भुकटी, सिमेंट आणि ब्लीच पावडर यांची असे. आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, तसा तिथला भंगारवाला चिंध्यांच्या बदल्यात ही वडी देई. पायरी कुणाची घासलेली आहे, कुणाची नाही, यावर गल्लीचं लक्ष असे. घरात पैसा नसला तरी पायरीवरून अब्रू दिसायची. या वड्या बनवणारा अ‍ॅश्टन-अंडर-लाइनचा शेवटचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. तोवर घासायला पायऱ्याच फारशा उरल्या नव्हत्या.

कोपऱ्यावरचा पब

एवढ्याशा वस्तीत इतके पब आले कुठून, याचं उत्तर १८३० च्या बिअरहाऊस कायद्यात आहे. लोकांनी जिन सोडून बिअरकडे वळावं म्हणून सरकारनं सूट दिली: दोन गिनी भरून कुठल्याही करदात्यानं स्वतःच्या घरात बिअर विकावी. पहिल्या वर्षातच चोवीस हजारांच्या वर परवाने गेले. म्हणजे यातले बरेच पब ही मुळात कुणाची तरी पुढची खोली होती. १८६९ मध्ये हे परवाने पुन्हा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हाती गेले आणि नव्या पबांची वाढ आटोक्यात आली. तरी सॉलफर्डची क्रॉस लेन आणि गोदीसमोरचा ट्रॅफर्ड रोड पबांच्या रांगेसाठी दूरवर ओळखले जात.

या पबला केवळ दारूचं दुकान समजलं तर त्याची आठवण लोक का जपतात ते कळणार नाही. आत तीन-चार वेगळ्या खोल्या असत. ‘व्हॉल्ट’मध्ये कामावरून आलेले पुरुष मळक्या कपड्यांनिशी उभ्यानं पीत, आणि तिथे ग्लास थोडा स्वस्त असे. ‘टॅपरूम’मध्ये डॉमिनो आणि डार्ट. ‘स्नग’ ही दाराआडची छोटी खोली, तिथे म्हाताऱ्या बाया निवांत बसत. सगळ्यात बरी खोली पियानोची, शनिवारी रात्री नवरा-बायकोनं मिळून जायची. बाहेरच्या बाजूला एक खिडकी असे, तिथून जगमध्ये बिअर भरून घरी नेता येई. अंत्यविधीसाठी वर्गणी जमवणारी मंडळं इथेच बसत, उन्हाळ्याच्या सहलीची भिशी इथेच चाले आणि कामगार संघटनेच्या शाखेला वरची खोली मिळे. एवढ्याशा घरात पाहुण्याला बसवायला जागा नव्हती. ती जागा कोपऱ्यावर होती.

बिअर कुणाची, यावरही माणसं पब ओळखत. बॉडिंग्टन, थ्रेलफॉल, चेस्टर्स, विल्सन्स, ग्रोव्ह्ज अँड व्हिटनॉल या स्थानिक भट्ट्यांच्या मालकीचे बहुतेक पब होते. पुढे या कंपन्या एकेक करून मोठ्या कंपन्यांत विरल्या, त्यामुळे पबाच्या पाटीवरचं नावही पुसलं गेलं.

पाडलं कसं

१९३० च्या दशकात सुरू झालेली पाडापाडी दुसऱ्या महायुद्धानं थांबवली. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ती पुन्हा जोरात आली. पालिका एखादा पट्टा नकाशावर रंगवी, तपासनीस येत, घर अयोग्य ठरे, सक्तीनं संपादन होई. वाईट घरांमध्ये धडधाकट घरं अडकली तर तीही जात. रहिवाशांना विदनशॉ, लँगली, हॅटर्सली, लिटल हल्टन अशा दूरच्या वसाहतींत घरं मिळाली. तिथे न्हाणीघर होतं, बाग होती, पण शेजार नवा होता.

पबांचं प्रकरण वेगळं होतं. त्यांना परवान्याची किंमत होती आणि मागे भट्टीची कंपनी होती, म्हणून ते घरांबरोबर लगेच पडत नसत. त्या काळच्या छायाचित्रांत सपाट झालेल्या मातीत एकटाच उभा असलेला पब दिसतो. गिऱ्हाईक पांगल्यावर तोही जाई.

ह्यूमवर ही वेळ दोनदा आली. जुन्या गल्ल्यांच्या जागी १९७२ मध्ये चार अजस्र अर्धवर्तुळाकार इमारती उभ्या राहिल्या. त्यांना जॉन नॅश, रॉबर्ट अ‍ॅडम अशा जुन्या नामांकित वास्तुविशारदांची नावं दिली आणि प्रत्येक मजल्यावरच्या लांब गॅलऱ्यांना ‘आकाशातले रस्ते’ म्हटलं गेलं. १९७४ मध्ये वरच्या गॅलरीतून पडून एक मूल दगावलं. गळती, झुरळं आणि न परवडणारी विजेवरची ऊब यांना कंटाळून कुटुंबांनी दुसरी घरं मागितली. वीस-बावीस वर्षांतच, १९९० च्या दशकात, त्या इमारतीही पाडल्या. माझ्या मते चूक घरं पाडण्यात नव्हती. चूक ही की गल्ली ही स्वतंत्र वस्तू आहे हे कुणी धरलंच नाही. जिन्यानं जायच्या गॅलरीला रस्ता म्हटल्यानं तिला कोपरा येत नाही.

ह्यूमचा मुख्य बाजाररस्ता स्ट्रेटफर्ड रोड १९६९ मध्ये नव्या रुंद प्रिन्सेस रोडनं मधोमध तोडला होता. तो १९९७ मध्ये कमानीच्या पुलानं पुन्हा जोडला गेला. रस्ता जोडता आला, त्यावरची दुकानं आणता आली नाहीत.

हरवलेला पब शोधतात कसा

हे काम मुख्यतः हौशी माणसांनी केलं. बॉब पॉट्स यांनी ह्यूमच्या आणि नील रिचर्डसन यांनी सॉलफर्डच्या जुन्या पबांवर पुस्तिका काढल्या. त्यांची रीत कुणालाही शिकण्यासारखी आहे.

आधी मोठ्या प्रमाणावरचा सरकारी नकाशा. त्यावर ‘पी.एच.’ म्हणजे पब आणि ‘बी.एच.’ म्हणजे बिअरहाऊस अशा खुणा असतात. मग स्लेटरची व्यापारी डिरेक्टरी, जिच्यात रस्त्यावार, घर क्रमांकावार नाव आणि धंदा मिळतो. तिसरी परवान्यांची नोंदवही: पब कुणाच्या नावावर होता, कधी बदलला, कधी बंद झाला. १९०४ च्या कायद्यानं बंद होणाऱ्या पबांना भरपाई मिळू लागली, त्यामुळे त्या काळातलं बंद होणंही कागदावर आलं.

शेवटी जनगणनेचे तक्ते, ज्यांत घरातली माणसं भेटतात. पण इथे एक मोठं भगदाड आहे. इंग्लंड-वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. १९२१ ते १९५१ या तीस वर्षांसाठी १९३९ ची युद्धकालीन नोंदणी सोडली तर डिरेक्टऱ्या आणि माणसांच्या आठवणी हाच आधार. म्हणून एखाद्या आजीनं सांगितलेला ‘आमच्या पलीकडच्या घरात अमुक राहायचे’ हा तपशील तिथे गप्पांपुरता राहत नाही, पुरावा ठरतो. कागद आणि आठवण जुळली नाही तर दोन्ही नोंदवावीत. पबाच्या पाटीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरंच, असं वारंवार होतं.

छायाचित्रं, पुस्तकं, मालिका

सॉलफर्डमध्ये जन्मलेल्या शर्ली बेकर यांनी १९६० च्या सुमारास कॅमेरा घेऊन या गल्ल्यांत फिरायला सुरुवात केली. पाडापाडी चालू असताना दोरीवरचे कपडे, दारात बसलेल्या बाया, मोडक्या घरांत खेळणारी मुलं त्यांनी टिपली. पालिकांच्या छायाचित्रकारांनीही अयोग्य घरांची चित्रं काढली होती, पण त्यांना भिंतीची भेग हवी होती. बेकर यांना माणूस हवा होता. त्यांचं पुस्तक १९८९ मध्ये आलं.

हँकी पार्क वॉल्टर ग्रीनवूड यांच्या ‘लव्ह ऑन द डोल’ या १९३३ च्या कादंबरीत आहे. ते स्वतः तिथलेच. रॉबर्ट रॉबर्ट्स सॉलफर्डच्या झोपडवस्तीतल्या कोपऱ्यावरच्या दुकानात वाढले, आणि १९७१ चं त्यांचं ‘द क्लासिक स्लम’ मी या विषयावर सगळ्यात वर ठेवीन. गरिबांमध्येही किती पायऱ्या होत्या, कुणाला उधारी मिळायची आणि कुणाला नाही, हे दुकानाच्या गल्ल्यामागून पाहिलेल्या माणसानं लिहिलं आहे. त्यात गोडवा कमी आणि खरेपणा जास्त आहे.

‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली. तिच्या गल्लीचा नमुना होता ऑर्डसलची आर्ची स्ट्रीट. खरी आर्ची स्ट्रीट १९७१ मध्ये पाडली गेली. मालिकेतली गल्ली आणि तिच्या कोपऱ्यावरचा पब अजून चालू आहे.

आठवण कुणाची

पबाची आठवण बहुतांशी पुरुषांची असते. बायकांच्या आठवणी धुण्याच्या सार्वजनिक घरात, दुकानात आणि पायरीवर सापडतात, आणि त्या मुद्दाम विचाराव्या लागतात. १९५० च्या दशकापासून ह्यूम आणि शेजारच्या मॉस साइडमध्ये कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं राहू लागली. त्यांच्या बैठकीच्या जागा जुन्या पबांच्या याद्यांत फारशा दिसत नाहीत. मॉस साइडचा तळघरातला रेनो क्लब ही त्यातली मोठी जागा. १९८० च्या दशकात तो पाडून जागा बुजवली गेली. २०१७ मध्ये नाटककार लिंडा ब्रोगन यांच्या पुढाकारानं क्लबात एके काळी येणाऱ्या माणसांनीच पुरातत्त्वज्ञांच्या मदतीनं तिथे उत्खनन केलं आणि आपल्या तरुणपणाची फरशी मातीतून वर काढली.

आपल्याकडे काय करता येईल

सॉलफर्डची गोदी १९८२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगावच्या माणसांच्या आठवणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ च्या पुस्तकात त्यांच्याच शब्दांत जमवल्या आहेत. पण गल्लीवार, खोलीवार नोंद अजून बाकी आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी होत्या, खोली १६० चौरस फुटांची. त्यांतल्या बहुतेकांचा पुनर्विकास चालू आहे. लोकांना मोठं, स्वतंत्र घर मिळतं आहे ते मिळायलाच हवं. पण गावकीची खोली कुठल्या मजल्यावर होती, खानावळ कोण चालवायचं आणि किती जण जेवायचे, तालीम कुठे, गुत्ता कुठे, गणपती कुठे बसायचा, हे कुठल्याही सातबाऱ्यावर येणार नाही.

तुमच्या घरात अशा चाळीत राहिलेलं कुणी असेल तर एखाद्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. मजल्याचा कच्चा नकाशा काढा, खोली क्रमांकासमोर नावं लिहून घ्या, बायकांना वेगळं विचारा, तारीख घाला आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या.