जुन्या पोर्शे बॉक्सस्टरची (९८६) खरेदी

पोर्शे बॉक्सस्टर ९८६ ही जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९९६ ते २००४ या काळात बनवलेली, उघडता येणाऱ्या कापडी छताची दोन आसनी वेगवान मोटार होय. युरोप-अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या बाजारात ती तुलनेने स्वस्त मिळते. परंतु खरी परीक्षा इंजिनाचीच करावी लागते.

आसनांमागील या सहा सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे नेणारा एक मधला दंड असतो. त्याच्या टोकाचे बेअरिंग फुटल्यास व्हॉल्व्हची वेळ चुकते, पिस्टन त्यांवर आदळतात आणि बहुधा संपूर्ण इंजिन निकामी होते. असा खर्च कित्येकदा मोटारीच्या किमतीलाही मागे टाकतो. आरंभी हे बेअरिंग दुहेरी रांगेचे होते. साधारण २०००नंतर आलेले एकेरी रांगेचे अधिक दगा देणारे ठरले. यावरून अमेरिकेत चाललेल्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली.

बेअरिंगपर्यंत पोहोचण्यास गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने ते क्लचबरोबरच बदलण्याचा प्रघात आहे. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्या कामाची पावती पाहावी. ऑइल फिल्टर उघडून घ्यावा. त्यात धातूचे कण दिसल्यास सौदा सोडलेला बरा. कमी धावलेली मोटार उत्तम, हा सर्वसाधारण समज येथे फारसा उपयोगी नाही. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मोटारीपेक्षा नियमित चाललेली व वेळेवर तेल बदललेली मोटार जाणकार पसंत करतात.

छताजवळील पाणी वाहून नेणारी छिद्रे पालापाचोळ्याने तुंबली, तर पाणी आत उतरून आसनाखालील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बिघडतो व मोटार सुरूच होत नाही. म्हणून गालिचा हाताने दाबून ओल तपासावी. मागची खिडकी २००२पर्यंतच्या मॉडेलांत प्लॅस्टिकची होती, नंतर काचेची आली.