वर्ग आणि वागणूक : भाग ७ — ‘खाली बस’चा हिशेब

चांदण्या आणि बक्षिसं यांच्यावर आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मागचा भाग वाचून माण तालुक्यातल्या एका बाईंनी पत्र पाठवलंय आणि त्यांचा प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. दुसरीचा वर्ग, पट २८. बाई लिहितात, “कौतुक करा म्हणता, करते. पण एक मुलगा मिनिटभर जागेवर टिकत नाही. ‘खाली बस, खाली बस’ करून माझा घसा बसतो. त्याचं कौतुक करायचं तरी कशाचं?”

बाई, निम्मं उत्तर १९६८ सालीच मिळालंय. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांचे सहकारी पहिलीच्या एका वर्गात जाऊन बसले. मुलं ४८, शिक्षिका दोन. कितीजण उभे आहेत याची निरीक्षक सारखी नोंद ठेवत होते. मग शिक्षिकांना सांगितलं, ‘खाली बसा’ आणखी जास्त वेळा म्हणा. त्यांनी म्हटलं, आणि उभी राहणारी मुलं वाढली. सूचना कमी केल्या, उठणं कमी झालं. शेवटी बसून काम करणाऱ्यांना दाद द्यायला सांगितलं, तेव्हा वर्ग चांगलाच स्थिरावला.

यातली मेख अशी की, ओरडलं की मूल त्या क्षणी खरंच बसतं. बाईंना वाटतं, मात्रा लागू पडली. मुलाला काय मिळतं? नाव घेऊन, सगळ्यांदेखत, बाईंचं अख्खं लक्ष. २८ जणांत ही कमाई थोडी नाही. दोघांच्याही पदरात लगेच काहीतरी पडतं, म्हणून दोघंही तेच करत राहतात. बेकर याला टीकेचा सापळा म्हणत.

हे भाषणात सांगितलं की शिक्षक माना डोलावतात, चहा होतो, आणि सोमवारी वर्गात पुन्हा “ए, बस खाली!” ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात हेच मांडलं होतं: नुसत्या व्याख्यानातलं वर्गात फारसं उतरत नाही, वर्गात येऊन पाहणारं आणि नंतर सोबत बसून बोलणारं कुणीतरी लागतं. म्हणून मी प्रशिक्षणात चिंचोके वाटतो. टेबलावर दोन वाट्या, एकीत दहा चिंचोके. नेमकं कौतुक केलं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. शेजारच्या वर्गाचे सर दहा मिनिटं मागे बसून कागदावर रेघा ओढतात, डावीकडे दाद, उजवीकडे टोकणं. तास संपल्यावर कागद हातात पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “एवढं बोलले मी?” पुढचं प्रशिक्षण तो कागदच करतो.

‘नेमकं’ या शब्दावर माझा फार जोर असतो. नुसतं ‘शाब्बास’ कुणाला आणि कशाबद्दल, ते मुलाला कळत नाही. “वही उघडून तारीखसुद्धा टाकलीस” हे कळतं. तुमचा तो मुलगा दहा सेकंद तरी बसत असेलच. तेवढ्यात त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगायचं. मात्र “बघ, ती कशी शहाण्यासारखी बसलीये” हे टाळा. त्यात तिचं कौतुक कमी आणि त्याला टोमणा जास्त.

“छडी गेली, आता बोलायचंही नाही का?” हा प्रश्न प्रत्येक केंद्रावर येतो. छडी आणि मानसिक छळ, दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्येच मनाई केली. बोलायला मनाई नाही. उठल्यावर बोलायचं ते बसल्यावर बोला, एवढंच माझं म्हणणं. मारामारी झाली किंवा कुणी कठड्यावर चढलं, तर मात्र काणाडोळा करायचा नाही. तिथं ताबडतोब थांबवायचं.

आता उरलेलं निम्मं उत्तर, आणि ते तुमच्याकडेच आहे. चार दिवस तीन रकाने भरा: उठण्याआधी काय चाललं होतं, उठून त्यानं काय केलं, त्यानंतर काय झालं. उठल्यावर दरवेळी तुमची हाक येत असेल, तर वरचा उपाय चालेल. पण तो फळ्यावरचं उतरवून घेतानाच उठत असेल, तर गोष्ट वेगळी. कदाचित त्याला फळा नीट दिसत नाही, कदाचित लिहिणं जड जातं आणि उठलं की तेवढं टळतं. अशा मुलाला वाटीभर चिंचोक्यांचाही उपयोग नाही. त्याला पुढे बसवा, डोळे तपासायला सांगा, पाचाऐवजी दोन ओळी द्या.

तक्ता भरला की पाठवा. पुढच्या भागात चांदण्या नक्की, आणि त्याआधी स्टॅनफर्डच्या बालवाडीतली ती मुलं, ज्यांना चित्रं काढल्याबद्दल प्रमाणपत्र देऊ म्हटलं आणि नंतर ती पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली.